हुकूमनामा हातात, पैसे मात्र नाहीत: सोलापुरात स्थानिक संस्थेकडून कोर्टामार्फत वसुली कशी करायची

दावा जिंकला की पैसे आपोआप खात्यात येतात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं होत नाही. निकालाची प्रत विधी विभागात जाते, तिथून लेखा विभागात, आणि अनेकदा 'तरतूद नाही' असा शेरा घेऊन ती परत येते. महापालिका असो, नगरपरिषद असो की जिल्हा परिषद, चाल साधारण हीच. कोणी मुद्दाम अडवत असेलच असं नाही. पण फाईल हलायला आतल्या माणसाला काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण कोर्टाच्या दरखास्तीतूनच, म्हणजे निकालाची बजावणी करून मिळण्यासाठी केलेल्या अर्जातूनच, तयार होतं.

हा लेख निकाल लागल्यानंतरचा आहे. बिल थकलंय, पण दावाच केलेला नाही, अशांनी आधी नोटीस आणि दावा या वाटेनं जावं. इथे गृहीत धरलंय की तुमच्याकडे दिवाणी न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा, म्हणजे कोणी किती रक्कम द्यायची हे सांगणारा निकालावर आधारित कोर्टाचा कागद, आहे: ठेकेदाराचं बिल, पुरवलेल्या मालाची रक्कम, भूसंपादनाचा वाढीव मोबदला, नुकसानभरपाई असं काहीतरी.

आधी कागद नीट वाचा

नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या प्रमाणित नकला घ्या. हे दोन वेगळे कागद आहेत आणि दरखास्त हुकूमनाम्यावर चालते. हुकूमनाम्यात तीन गोष्टी शोधा: रक्कम कोणी द्यायची, किती, आणि व्याज कोणत्या तारखेपासून कोणत्या दराने.

व्याजाची ओळ सर्वात जास्त दुर्लक्षित राहते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ नुसार हुकूमनाम्यानंतरचं व्याज साधारणपणे वर्षाला ६ टक्क्यांपर्यंत मिळतं; व्यापारी व्यवहार असेल तर त्याहून जास्त देता येतं. पण पुढच्या व्याजाबद्दल हुकूमनाम्यात एक शब्दही नसेल, तर कोर्टाने ते नाकारलं असं कायदा धरतो. निकालपत्रात व्याज दिलंय आणि हुकूमनाम्यात लिहायचं राहिलंय, असं दिसलं तर कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज लगेच करा. दरखास्त सुरू झाल्यावर ही चूक सापडली तर समोरच्या वकिलांना आयती हरकत मिळते.

दुसरं, पैसे नक्की कोणी द्यायचे ते पाहा. सोलापूर महानगरपालिका ही १ मे १९६४ पासूनची स्वतंत्र संस्था आहे, तर स्मार्ट सिटीची कामं करणारी सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी आहे. हुकूमनामा एकीविरुद्ध असेल तर दुसरीच्या खात्यावर हात टाकता येत नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती, नगरपरिषद आणि राज्य शासन यांच्यातही हाच गोंधळ होतो. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्या लोकांनी हे विशेष तपासावं, कारण काम नगरपरिषदेचं, निधी शासनाचा आणि सही तिसऱ्याचीच, असे करार तिकडे भरपूर दिसतात.

तीन महिने थांबायचं का?

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८२ सांगतं की केंद्र किंवा राज्य शासनाविरुद्धचा, तसंच पदाच्या कामासंबंधीच्या दाव्यात सरकारी अधिकाऱ्याविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने थकला तरच त्याची बजावणी सुरू करता येते. महापालिका म्हणजे शासन नव्हे. त्यामुळे फक्त महापालिकेविरुद्ध निकाल असेल तर ही तीन महिन्यांची वाट पाहायची गरज नाही. शासनही प्रतिवादी असेल आणि त्याच्याकडूनही वसुली मागायची असेल, तर थांबा.

दुसऱ्या बाजूची मुदत मोठी आहे. मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद १३६ नुसार दरखास्त १२ वर्षांच्या आत करता येते. म्हणून निवांत बसायचं असं नाही. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेल्यावर दरखास्त केली तर आधी कारणे दाखवा नोटीस काढावी लागते आणि त्यात काही तारखा सहज जातात.

अपील आणि स्थगिती यांचा घोळ

'आम्ही अपील केलंय' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक टेबलावर ऐकायला मिळेल. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ५ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. थांबते ती स्थगितीच्या आदेशाने. तेव्हा एकच विचारा: स्थगिती आहे का, असेल तर आदेशाची प्रत दाखवा.

निकाल लागल्याच्या आठवड्यातच अपील कोर्टात कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये' असा अर्ज, दाखल करून टाका. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा द्यावं लागतं. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असते. उच्च न्यायालय म्हणजे सोलापूरकरांसाठी आता मुंबई नव्हे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याला जोडले आहेत. सोलापूरहून मुंबईला वकील करण्याच्या खर्चापुढे हा मोठाच दिलासा.

स्थगिती मागितली गेलीच तर तुमच्या वकिलांनी एक गोष्ट धरून ठेवावी: रक्कम कोर्टात जमा करण्याच्या अटीवरच स्थगिती. पैशाच्या हुकूमनाम्यात ही अट मागणं रीतीला धरून आहे. जमा झालेली रक्कम जामीन किंवा बँक हमी देऊन काढून घेण्याचा अर्जही करता येतो. मुदत उलटून वर्षभराने केलेलं अपील असेल तर विलंबमाफीला लेखी हरकत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने पोस्टमास्तर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या २०१२ च्या निकालात सरकारी खात्यांना फाईल फिरण्याच्या नावाखाली वेगळी सवलत नाही, असं बजावलं आहे.

हिशोब: इथे आळस करू नका

समजा मुद्दल ४,८०,००० रुपये, व्याज ६ टक्के, दाव्याचा खर्च २२,००० रुपये आणि हुकूमनाम्याला तीन वर्षं झाली. वर्षाचं व्याज २८,८०० रुपये, तीन वर्षांचं ८६,४००. एकूण येणं ५,८८,४०० रुपये.

आता संस्थेने एक लाख रुपये दिले. ते कशात धरायचे? नेहमीचा नियम असा की आधी व्याज आणि खर्च, मग मुद्दल. म्हणजे ८६,४०० व्याजात गेले, १३,६०० खर्चात. मुद्दल ४,८०,००० तसंच राहिलं आणि पुढच्या वर्षीही व्याज २८,८०० चढणार. लेखा विभाग मात्र त्यांच्या तक्त्यात एक लाख सरळ मुद्दलातून वजा करतो, मग वर्षाचं व्याज २२,८०० वर येतं. दरवर्षी सहा हजारांचा फरक. भूसंपादनात हा फरक डोळे पांढरे करणारा असतो, कारण तिथे जुन्या प्रकरणांत १८९४ च्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी ९ आणि त्यानंतर १५ टक्के व्याज आहे. वीस लाखांवर १५ टक्के म्हणजे दिवसाला ८२० रुपयांच्या वर.

हा दिवसाचा आकडा एका पानाच्या पत्रात टाका आणि आयुक्त किंवा मुख्य अधिकारी, मुख्य लेखापाल आणि विधी अधिकारी यांना वेगवेगळं पत्र द्या. आवक क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्यायचाच. 'दररोज अमुक रुपये व्याज वाढत असून ते सार्वजनिक निधीतून जाणार आहे' हे वाक्य लेखापरीक्षणात कोणाला तरी उत्तर द्यायला लावणारं असतं, म्हणून ते लेखापालांना टोचतं. सोबत बँकेचा तपशील, रद्द केलेला चेक आणि पॅन जोडा. पंधरा दिवस द्या. त्यापुढे विनंत्या थांबवून दरखास्त.

दरखास्त कशी असते

हुकूमनामा ज्या न्यायालयाने दिला तिथेच दरखास्त करायची. अर्ज तक्त्याच्या स्वरूपात असतो. आदेश २१ नियम ११ मध्ये रकाने ठरलेले आहेत. दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, आधी काही रक्कम मिळाली का, आधी दरखास्त केली होती का आणि तिचं काय झालं, येणं किती, कोणाविरुद्ध, आणि शेवटच्या रकान्यात कोर्टाची मदत कोणत्या प्रकारे हवी. सगळा खेळ या शेवटच्या रकान्याचा आहे. बरेच जण तिथे 'जंगम व स्थावर मालमत्ता जप्त करून विक्री करावी' इतकंच ढोबळ लिहून मोकळे होतात. मग वर्षभर खुर्च्या-टेबलांच्या मागे धावावं लागतं.

वर्तमानपत्रात साहेबांची खुर्ची जप्त, गाडी जप्त असे मथळे आपण वाचतो. प्रत्यक्षात काय घडतं ते सांगतो. बेलिफ, म्हणजे वॉरंट बजावणारा कोर्टाचा कर्मचारी, नाझर कार्यालयातून (कोर्टाचं बजावणीचं आणि पैशांचं काम पाहणारं कार्यालय) वॉरंट घेऊन निघतो. मालमत्ता दाखवून देणं तुमचं काम, म्हणून तुम्ही किंवा तुमचा माणूस सोबत हवा. टेम्पो आणि हमालही तुम्हीच आणायचे. कार्यालयात पोहोचल्यावर साहेब बैठकीला गेलेले असतात. मग एक अधिकारी बाहेर येतो, चहा सांगतो, पंधरा दिवसांची मुदत मागतो, कागदावर लिहूनही देतो. तुम्ही 'बरं' म्हणालात की बेलिफाच्या अहवालात ओळ उमटते: 'दरखास्तदाराने मुदत दिल्याने जप्ती करण्यात आली नाही.' वॉरंट परत, पुढची तारीख, बेलिफाचा नवा भत्ता. मुदत द्यायचीच असेल तर त्याच दिवशी काही रक्कमेचा चेक कोर्टाच्या नावे घ्या आणि तसं अहवालात लिहून घ्या. चहा प्यायला हरकत नाही.

जप्ती अगदीच निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. अधिकाऱ्याच्या गाडीपाशी बेलिफ उभा राहिला की फोन फिरतात, हे खरं. पण पाच-सहा लाखांच्या येण्यासाठी जुन्या खुर्च्यांचा लिलाव करून हाती काही लागत नाही. रस्ते, गटारी, पाण्याच्या टाक्या, शाळा अशा लोकांच्या वापरातल्या मालमत्तेवर जप्ती मागितली तर ती टिकणं अवघड.

मालमत्तेचं शपथपत्र मागा

मला सर्वात उपयोगी वाटतो तो आदेश २१ नियम ४१. हुकूमनाम्याची रक्कम ३० दिवस थकलेली असेल तर कोर्ट ऋणकोला (ज्याच्याकडून येणं आहे त्याला), आणि ऋणको संस्था असेल तर तिच्या अधिकाऱ्याला, मालमत्तेचा तपशील शपथपत्रावर देण्याचा हुकूम करू शकतं. तो हुकूम मोडला तर हुकूम मोडणाऱ्या व्यक्तीला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे.

इथे एक फरक समजून घ्या. 'आयुक्तांना आत टाका' अशी मागणी लोक उत्साहात करतात. महापालिकेचं देणं हे आयुक्तांचं वैयक्तिक देणं नसतं, त्यामुळे रक्कम थकली म्हणून त्यांना तुरुंगात पाठवा हा अर्ज टिकत नाही. शपथपत्र द्यायचा हुकूम मात्र नावाने असतो, आणि मोडला तर जबाबदारीही त्या व्यक्तीवर येते. म्हणून अर्जात 'मुख्य लेखापाल यांनी संस्थेची सर्व बँक खाती, प्रत्येक खात्याचा हेतू, शिल्लक, येणं असलेलं भाडं आणि शासनाकडून दरमहा मिळणाऱ्या रकमा यांचा तपशील द्यावा' असं नेमकं मागा.

शेवटचा मुद्दा मुद्दाम लिहिलाय. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला आणि त्याबदल्यात राज्य शासन महापालिकांना नुकसानभरपाईचं अनुदान देतं. शिवाय मालमत्ता कराची वसुली मार्चअखेरीस जोरात असते. खातं कधी भरलेलं असतं याचा अंदाज यातून येतो. मला विचाराल तर बँकेला नोटीस फेब्रुवारी-मार्चमध्ये पोहोचेल असं नियोजन करावं. शपथपत्राची वाट न पाहता काही माहिती तुम्हीही गोळा करू शकता. अंदाजपत्रक जाहीर होतंच, आणि माहिती अधिकारात १० रुपये भरून बँकांची नावं व खात्यांचे शीर्ष मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस.

बँकेला नोटीस

खाती कळली की आदेश २१ नियम ४६-अ खाली अर्ज करा. म्हणणं असं की या बँकेकडे ऋणको संस्थेचे पैसे आहेत. बँकेने हुकूमनाम्याइतकी रक्कम कोर्टात जमा करावी किंवा का करू नये ते सांगावं. अर्जासोबत शपथपत्र लागतं. बँक गप्प राहिली किंवा पैसे भरले नाहीत तर नियम ४६-ब खाली बँकेविरुद्धच बजावणीचा हुकूम होऊ शकतो. बँका हे नीट जाणतात, म्हणून त्या सहसा लगेच उत्तर देतात.

बँकेचं किंवा संस्थेचं ठरलेलं उत्तर असतं: 'या खात्यातला निधी केंद्र शासनाच्या योजनेचा आहे, तो दुसरीकडे वळवता येत नाही.' वित्त आयोग, आवास योजना, पाणीपुरवठा योजना यांच्या खात्यांबाबत ही हरकत खरी असू शकते आणि कोर्ट तिचा विचार करतं. म्हणून पहिलाच अर्ज सर्वसाधारण निधीच्या खात्यावर करा: कर, भाडं, परवाना शुल्क जिथे जमा होतं ते खातं. तेही नाकारलं गेलं तर त्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा शपथेवर मागा. एकाच खात्यातून पगार, डिझेल आणि ठेकेदारांची नवी बिलं जात असतील तर 'राखीव निधी' हे म्हणणं कसं लंगडं पडतं ते उताऱ्यातच दिसतं.

'पैसेच नाहीत' हा बचाव किती चालतो? रतलाम नगरपरिषदेच्या १९८० च्या गाजलेल्या प्रकरणात, विषय गटारी आणि स्वच्छतेचा होता, सर्वोच्च न्यायालयाने निधी नाही म्हणून कायदेशीर कर्तव्य टाळता येणार नाही असं ठणकावलं. हुकूमनामा तर त्याहून नेमका असतो. तरी व्यवहार म्हणून हप्त्यांचा प्रस्ताव आला तर लगेच नाकारू नका. लेखी घ्या, तारखा घाला, एक हप्ता चुकला तर संपूर्ण रक्कम एकदम देय अशी अट घाला आणि कोर्टासमोर नोंदवून घ्या. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडाही हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो. पण तिथे घाईत व्याज सोडून देऊ नका. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना ती मदत उत्पन्न न पाहता मिळते.

तारखा लांबल्या तर

सर्वोच्च न्यायालयाने राहुल शाह विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या २०२१ च्या निकालात दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, उशीर झाला तर कारणं लिहावीत, असं सांगितलं. मार्च २०२५ मध्ये पेरियाम्मल प्रकरणात तेच पुन्हा बजावलं आणि देशभरातली आकडेवारी मागवली. आठ लाखांवर दरखास्ती पडून असल्याचं समोर आलं. त्यात सर्वात मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतला, तीन लाखांहून अधिक. हे दोन निकाल नावानिशी नमूद करून लवकर सुनावणीचा अर्ज द्या. रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर या प्रकरणाच्या ओळख क्रमांकाने पाहत राहा. 'म्हणणं (समोरच्याचं लेखी उत्तर) देण्यासाठी मुदत' असं तिसऱ्यांदा दिसलं तर 'म्हणण्याशिवाय पुढे चालवा' असा हुकूम मागायला वकिलांना सांगा.

उच्च न्यायालयात रिट करता येतं का? येतं. पण साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी 'दरखास्तीचा मार्ग मोकळा आहे' म्हणून परत पाठवण्याची शक्यता दाट. निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), संस्थेने लेखी मान्य केलेली देणी, किंवा शासन आणि स्थानिक संस्था एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तिथे रिटचा उपयोग होतो. अवमान याचिकेची मुदत एक वर्ष आहे आणि पैशाच्या वसुलीला पर्याय म्हणून ती वापरलेली न्यायालयांना आवडत नाही.

ज्यांचा निकाल दिवाणी न्यायालयाचा नाही त्यांनी थोडी वेगळी वाट धरायची. लवादाचा निवाडा लवाद कायद्याच्या कलम ३६ खाली हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. अपघात दाव्यात महापालिकेच्या बसचा संबंध असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली दाखला पाठवता येतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ग्राहक आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात कलम ७२ खाली कैदेची तरतूद आहे. लघुउद्योजकांनी २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याचं व्याज आणि आव्हानासाठी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट वकिलांकडून समजून घ्यावी. ही अट मोठमोठ्या कार्यालयांना वाटाघाटीला बसवते.

पैसे आल्यावर

रक्कम कोर्टात जमा झाली की ती काढण्याचा अर्ज द्यावा लागतो. ओळखीची कागदपत्रं आणि बँक तपशील नाझर कार्यालयात लागतात. मूळ दावेदार वारला असेल तर वारसांची नोंद आधी करून घ्या, नाहीतर जमा झालेली रक्कम कोर्टातच पडून राहते. व्याजावर कर कापला गेला असेल तर त्याचा दाखला त्याच आठवड्यात मागा. वर्ष उलटल्यावर तो मिळवणं म्हणजे नवी दरखास्तच.

रक्कम थेट तुमच्या खात्यात आली तर ती कोर्टात नोंदवायला हवी. त्यासाठी पुरशीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, द्यायची. संस्थेचे वकील छापील पुरशीस घेऊन येतात आणि त्यात 'संपूर्ण रक्कम पोहोचली, तक्रार नाही' असं लिहिलेलं असतं. आपला तक्ता काढा, त्या दिवसापर्यंतचं व्याज मोजा, आणि कमी पडत असेल तर हाताने खोडून 'अंशतः रक्कम मिळाली, उर्वरित रुपये अमुक येणे बाकी, दरखास्त पुढे चालू ठेवावी' असं लिहून मगच सही करा.